कोलोनोस्कोपी सुसह्य कशी होईल: तारीख ठरवण्यापासून घरी परतेपर्यंत

मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला कापलेलं कळत नाही, ताणलेलं मात्र लगेच कळतं. कोलोनोस्कोपीत, म्हणजे मोठं आतडं दुर्बिणीने आतून पाहण्याच्या तपासणीत, एखादा पॉलिप (अस्तरावर वाढलेला लहान कोंब) दिसला आणि डॉक्टरांनी तो तिथल्या तिथे तारेच्या फासाने काढला, तर रुग्णाला त्याचा पत्ताही लागत नाही. पण दुर्बिणीचा आतड्यात वेटोळा झाला किंवा हवेने आतडं फुगलं, की पोटात कळ येते. हे एकदा लक्षात आलं, की तपासणीतल्या जवळजवळ प्रत्येक सोयीमागचं कारण कळतं आणि डॉक्टरांना काय विचारायचं हेही सुचतं. मी एन्डोस्कोपी विभागात काम करते. तिथे जो त्रास पाहायला मिळतो, त्यातला बराचसा टाळता येण्यासारखा असतो, आणि तो टाळण्याचं निम्मं काम रुग्ण टेबलावर येण्याआधीच झालेलं असतं. हा लेख त्यासाठी आहे.

हे लिहिताना डोळ्यांपुढे आहे ती काहीही लक्षण नसताना केलेली तपासणी. साध्या पॉलिपचा कर्करोग व्हायला बहुतेक वेळा दहाएक वर्षं लागतात, म्हणून वेळेत पॉलिप काढला तर पुढचा आजारच टळतो. भारतात सरकारी पातळीवर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची चाचपणी होते, आतड्याची नाही. त्यामुळे आपल्याकडे ही तपासणी मुख्यतः घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल तर सांगितली जाते. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला तो झाला असेल तर वयाच्या चाळिसाव्या वर्षी, किंवा त्यांना ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे अगोदर येईल तेव्हा. अमेरिकेतल्या मराठी मंडळींना कौटुंबिक इतिहास नसला तरी २०२१ पासून ४५ व्या वर्षीच चाचपणी सुरू करायला सांगतात. इंग्लंडमध्ये आधी घरी शौचाच्या नमुन्याची चाचणी येते आणि त्यात रक्ताचा अंश आढळला तरच दुर्बीण.

तारीख आणि वेळ ठरवताना

इथेच पहिला त्रास वाचतो. सकाळी नऊची वेळ मिळाली तर आतडं साफ करणाऱ्या औषधाचा दुसरा हप्ता पहाटे चारला उठून घ्यावा लागतो. दुपारी दोनची मिळाली तर तो सकाळी आठला घेता येतो, आणि काही ठिकाणी दोन्ही हप्ते त्याच सकाळी देतात, म्हणजे रात्रीची झोप शाबूत राहते. मधुमेह असेल, विशेषतः इन्सुलिन चालू असेल, तर मात्र सकाळची पहिली वेळ मागा. उपाशी राहण्याचा काळ जितका लांबेल तितकी साखर सांभाळणं अवघड जातं.

गावाहून शहरात येणार असाल तर आदल्या रात्री शहरातच मुक्काम करा. पहाटे औषध पिऊन एसटीत बसणं म्हणजे स्वतःला शिक्षा देणं आहे. प्रवासाच्या धास्तीने लोक दुसरा हप्ता अर्धवट टाकतात, आतडं साफ राहत नाही, आणि तपासणी पुन्हा करावी लागते. नातेवाइकांकडे उतरणार असाल तर त्यांना आधीच मोकळेपणाने सांगून ठेवा, की त्या रात्री एक शौचालय तुमच्यासाठी मोकळं लागेल.

आठवडाभर आधी: औषधांची यादी

घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, आयुर्वेदिक चूर्णं आणि काढे धरून, एका कागदावर लिहा आणि दाखवा. लोहाच्या गोळ्या पाच ते सात दिवस आधी थांबवतात, कारण त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो. इसबगोलही थांबवतात. रक्त पातळ करणारी औषधं, म्हणजे वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल किंवा नवी औषधं, स्वतःच्या मनाने बंद करू नका. ती देणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञांशी बोलूनच निर्णय घ्यायचा असतो. अॅस्पिरिन बहुधा चालू ठेवतात. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर ते सहसा तीन दिवस आधी थांबवावं लागतं, कारण उपाशी पोटी त्याने रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो. सेमाग्लुटाइडसारखं इंजेक्शन घेत असाल तर तेही सांगा, त्याने पोट हळू रिकामं होतं. रक्तदाबाची सकाळची गोळी बहुतेकांना घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात.

आणखी काही गोष्टी न विचारता सांगायच्या. गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया, सिझेरियन किंवा पोटाचं दुसरं कोणतंही ऑपरेशन झालं असेल तर आतडं कुठेतरी चिकटलेलं असू शकतं आणि दुर्बीण वळवताना जास्त ताण पडतो. अंगाने फार बारीक असलेल्या बायकांनाही जास्त दुखू शकतं. अशा वेळी डॉक्टर बारीक आणि लवचीक दुर्बीण निवडू शकतात, पण त्यांना ते आधी माहीत हवं. मूळव्याध किंवा फिशर असेल तर बधिर करणारी जेली लावता येते. जुना बद्धकोष्ठ असेल तर सफाईचं औषध वाढवून देतात.

आदला दिवस: काय खायचं

पूर्ण दिवस उपाशी राहण्याची सक्ती आता बऱ्याच ठिकाणी राहिलेली नाही. आदल्या दिवशी सकाळी आणि दुपारी कमी चोथ्याचं जेवण चालतं, संध्याकाळपासून फक्त पारदर्शक पेयं. तुमच्या रुग्णालयाने दिलेला कागद वेगळं सांगत असेल तर तोच पाळा.

चालणारं जेवण आपल्या स्वयंपाकघरात सहज मिळतं: मऊ भात, तूप, दही, सालाशिवाय उकडलेला बटाटा, साधा पांढरा पाव, रव्याचा भाज्या न घातलेला उपमा, अंडं, कमी मसाल्याचा मासा. टाळायचं ते ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाज्या, कोशिंबीर, मोड आलेली कडधान्यं. तीळ, जवस, पेरू, अंजीर, टोमॅटो आणि मिरचीच्या बिया तर दोन-तीन दिवस आधीपासूनच नकोत. बी दुर्बिणीच्या शोषनळीत अडकते, मग डॉक्टरांना थांबून थांबून काम करावं लागतं आणि तपासणी लांबते.

इथे एक चूक वारंवार होते. ‘हलकं खा’ म्हटलं की लोक उपासाचं खातात. साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट असतं, राजगिऱ्याचा दाणा बारीक बीच आहे, रताळ्यात चोथा आहे. उपासाचं ताट या दिवसासाठी चुकीचं ताट आहे, हे घरात स्वयंपाक करणाऱ्याला आधी सांगून ठेवा.

पेयांमध्ये नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, कोरा चहा, कोरी कॉफी, सफरचंदाचा गाळीव रस, गाळलेलं पातळ सूप. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी नारळपाण्याबद्दल विचारून घ्यावं, त्यात पोटॅशियम भरपूर असतं. कोकम सरबत आणि कोणतंही लाल-जांभळं पेय नको, आत ते रक्तासारखं दिसतं. सोलकढीही नको.

सफाईचं औषध: खरी कसोटी इथे आहे

तपासणी झालेल्या बहुतेकांना विचारा, ते सांगतील की दुर्बिणीपेक्षा आदली रात्र जड गेली. म्हणून सगळ्यात जास्त काळजी या टप्प्याची घ्या.

आपल्याकडे मुख्यतः पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर देतात, सहसा ती २ लिटर पाण्यात मिसळतात. दुसरा पर्याय सोडियम पिकोसल्फेटचा. त्यात औषध थोडं आणि बाकी साधी पेयं जास्त प्यायची असतात. सोडियम फॉस्फेटच्या औषधाने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. वय जास्त असेल किंवा मूत्रपिंड-हृदयाचा आजार असेल तर हे औषध नको, असं स्पष्ट म्हणा. शेजाऱ्यांना काय दिलं होतं ते पाहून दुकानातून आणू नका.

औषध दोन हप्त्यांत घेणं हा सर्वांत महत्त्वाचा नियम. अर्धं आदल्या संध्याकाळी, उरलेलं तपासणीच्या चार ते सहा तास आधी सुरू करून किमान दोन तास आधी संपवायचं. एकदम सगळं प्यायल्याने मळमळ वाढते आणि सफाईही कमी होते, कारण रात्रभरात लहान आतड्यातून नवा पाझर उतरून उजव्या बाजूचं आतडं पुन्हा माखतं. दुसऱ्या हप्त्याचा कंटाळा करणाऱ्यांची उजवी बाजू नीट दिसत नाही, आणि सपाट पॉलिप लपतात ते नेमके तिथे.

पिण्याची रीत:

औषध दुपारीच कालवून फ्रिजमध्ये ठेवा, थंड झालं की चव बरीच दबते. एका वेळी साधारण २५० मिली, दर दहा-पंधरा मिनिटांनी. स्ट्रॉ जिभेच्या मागच्या बाजूला धरून प्यायलं तर खारटपणा कमी जाणवतो. प्रत्येक पेल्यानंतर लिंबाची फोड चाटा किंवा आल्याची फिक्या रंगाची गोळी चघळा. पेल्यांच्या मध्ये घरातल्या घरात चाला, त्याने औषध पुढे सरकतं आणि पोट गच्च होत नाही. मळमळ झाली तर अर्धा तास थांबा आणि मग सावकाश पुन्हा सुरू करा. ज्यांना आधीच्या वेळी उलटी झाली होती त्यांनी उलटीवरची गोळी अगोदरच लिहून घ्यावी. पोटात खूप दुखायला लागलं, पोट टणक झालं किंवा उलट्या थांबेनात तर औषध थांबवून रुग्णालयाला फोन करा.

सफाई झाली हे कसं ओळखायचं? शौचाला पिवळसर, लघवीसारखं स्वच्छ पाणी येऊ लागलं की झालं. तळाला एखाद-दुसरा कण असला तर चालतो. तपकिरी, गढूळ पाणीच येत राहिलं तर सकाळी निघण्याआधी कळवा. वाढीव औषध किंवा एनिमा देऊन वेळ सावरता येते.

त्या रात्रीची घरातली व्यवस्था

या गोष्टी छापील कागदावर क्वचितच असतात, पण त्यांनी खूप फरक पडतो. पहिली शौचाची भावना येण्याआधीच गुदद्वाराभोवती खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली लावा आणि दर दोन-तीन वेळांनी पुन्हा लावा. आग सुरू झाल्यावर लावून तितका उपयोग होत नाही. जेट स्प्रेचा जोर कमी ठेवा, घासून पुसू नका, जुन्या मऊ सुती कापडाने नुसतं टिपा.

घरात भारतीय पद्धतीचं शौचालय असेल आणि गुडघे दुखत असतील तर एका रात्रीपुरती कमोडची खुर्ची भाड्याने आणा. वयस्कर माणूस असेल तर पलंगापासून शौचालयापर्यंत दिवा चालू ठेवा, फरशी कोरडी ठेवा, कडी लावू देऊ नका. पाणी-क्षार गेल्याने उठताना चक्कर येते आणि अशा रात्री पडून हाड मोडण्याची भीती खरी आहे. कोणीतरी त्या खोलीत झोपावं. मधुमेह असेल तर ग्लुकोमीटर उशाशी असू द्या, साखर उतरली तर साखरपाणी किंवा सफरचंदाचा रस चालतो.

भूल घ्यायची की नाही

तीन मार्ग आहेत. भूल न घेता, गुंगीचं इंजेक्शन घेऊन, किंवा भूलतज्ज्ञांच्या देखरेखीखाली प्रोपोफोल घेऊन झोपेत.

नॉर्वेत पुष्कळांची तपासणी भूल न देता होते, गरज वाटली तरच औषध देतात. ब्रिटनमध्ये काहींना नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजनचं मिश्रण हुंगायला देतात, त्याचा अंमल काही मिनिटांत उतरतो. आपल्याकडे मिडाझोलम आणि सोबत फेंटानिलसारखं वेदनाशामक, किंवा थेट प्रोपोफोल, हे जास्त रुळलेलं आहे. गुंगीत तुम्ही बोलू शकता, कुशीवर वळू शकता, पण नंतर बरंचसं आठवत नाही. प्रोपोफोलमध्ये काहीच कळत नाही, मात्र खर्च वाढतो, आणि श्वास व रक्तदाबावर सतत लक्ष ठेवणारा माणूस लागतो.

माझं मत स्पष्ट आहे: दुखणं सोसण्यात मोठेपणा नाही, आणि भूल मागण्यात कमीपणा नाही. मागच्या वेळी फार दुखलं असेल, पोटाची ऑपरेशनं झाली असतील किंवा भीतीने झोप उडाली असेल तर भूल घ्या. बरोबर यायला कोणी नसेल किंवा लगेच कामावर परतायचं असेल, तर कुशल हातांत भूल न घेताही तपासणी होऊ शकते. मात्र त्या वेळी सुई लावून ठेवायला सांगा, म्हणजे मध्येच ‘आता द्या’ म्हणता येतं. घोरण्याचा त्रास, झोपेत श्वास अडकणं, दमा, हलणारे दात, भुलीची आधीची ॲलर्जी हे आधी सांगायचं.

टेबलावर

संकोच हा वेदनेचा मोठा भागीदार आहे. ताणलेलं अंग दुर्बिणीला अडवतं आणि जास्त दुखतं. मागून उघडणारी, एकदाच वापरायची चड्डी बऱ्याच ठिकाणी मिळते, ती मागा. अंगावर चादर राहू द्या म्हणून सांगा. बाईमाणसाला खोलीत बाई नर्स हवी असेल तर ती मागणं अगदी रास्त आहे. पाळी चालू असली तरी तपासणी होते, तारीख बदलण्याची गरज नाही. पूर्वी कधी शरीराशी जबरदस्ती झाली असेल आणि त्यामुळे ही तपासणी भयंकर वाटत असेल, तर नर्सला एवढंच सांगा, ‘मला या गोष्टीची फार भीती आहे, प्रत्येक वेळी हात लावण्याआधी सांगा.’ कारण देण्याची गरज नाही.

डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात. दुर्बीण बोटाच्या जाडीची असते. गुदद्वारातून शिरताना हलका जोर लावा, म्हणजे स्नायू सैल पडतो. पहिली कळ बहुधा डाव्या बाजूला खाली येते, कारण तिथलं सिग्मॉइड आतडं सैल आणि वळणदार आहे आणि दुर्बिणीचा वेटोळा तिथेच पडतो. त्या क्षणी ‘दुखतंय’ म्हणा. ती तक्रार नाही, डॉक्टरांसाठी माहिती आहे. ते दुर्बीण थोडी मागे घेऊन वेटोळा सोडवतील, नर्स पोटावर हात दाबून धरेल किंवा तुम्हाला पाठीवर किंवा उजव्या कुशीवर वळवतील. हात वर केला की थांबायचं, अशी खूण आधीच ठरवून घ्या. श्वास रोखू नका, नाकाने घेऊन तोंडाने सावकाश सोडा. वाऱ्याची भावना झाली तर सोडा. तिथे सगळ्यांना त्याची सवय असते, आणि धरून ठेवल्याने फुगलेलं आतडं आणखी फुगतं.

दोन प्रश्न आधीच विचारण्यासारखे आहेत. पहिला: हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरता का? साधी हवा तासन्‌तास पोटात राहते. कार्बन डायऑक्साइड आतड्यातून रक्तात शोषला जाऊन श्वासावाटे निघून जातो, त्यामुळे नंतरची पोटदुखी बरीच कमी होते. दुसरा: आत जाताना पाण्याची पद्धत वापरता का? हवा न भरता कोमट पाणी सोडत आणि घाण पाणी शोषत पुढे जायचं, अशी ही रीत आहे. कॅलिफोर्नियातले डॉ. फेलिक्स लिउंग यांनी तिच्यावर बरंच काम केलं. पाण्याच्या वजनाने सिग्मॉइड ताणलं न जाता सरळ राहतं, म्हणून भूल न घेणाऱ्यांना ही पद्धत विशेष मानवते, आणि आतडं धुतलं गेल्याने पॉलिपही जास्त सापडतात. दोन्ही सोयी सगळीकडे नसतात, पण रुग्ण विचारू लागले की रुग्णालयं विचार करू लागतात.

आवडीची गाणी किंवा अभंग कानात असले तर काहींची भीती उतरते. भूल घेणार नसाल तर नक्की विचारून पाहा.

बाहेर येतानाची मिनिटं

दुर्बीण शेवटपर्यंत पोहोचली की दुखण्याचा भाग बहुतेक संपला. आता ती हळूहळू मागे घेत भिंत तपासतात, आणि इथे घाई नको. किमान सहा मिनिटं तरी द्यावीत असा जुना दंडक आहे, नव्या शिफारशी आठ मिनिटांकडे झुकतात.

शेवटच्या काही क्षणांबद्दल एक फार महत्त्वाचा अभ्यास आहे. टोरंटोचे डॉ. डोनाल्ड रेडेलमायर आणि अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनमन यांनी एका सहकाऱ्याबरोबर ६८२ रुग्णांवर केलेला हा प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांमध्ये तपासणी झाल्यावर दुर्बिणीचं टोक न हलवता जास्तीत जास्त तीन मिनिटं गुदाशयातच राहू दिलं. म्हणजे तपासणी लांबली, पण तिचा शेवट सौम्य झाला. या रुग्णांना नंतर तपासणी कमी त्रासदायक आठवली. माणूस वेदनेची एकूण लांबी लक्षात ठेवत नाही, तिचा सर्वांत तीव्र क्षण आणि तिचा शेवट लक्षात ठेवतो. म्हणून दुर्बीण खसकन न ओढता, आत साठलेली हवा शोषून, रुग्णाशी बोलत बाहेर काढणं हे सौजन्याच्या पलीकडचं आहे. पुढच्या वेळी तो माणूस तपासणीला येईल की टाळेल, हे त्यावर ठरू शकतं. ‘निघताना हवा काढून घ्या,’ एवढं आधी सांगून ठेवायला हरकत नाही.

घरी आल्यावर

गुंगी किंवा भूल घेतली असेल तर २४ तास गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदांवर सही करायची नाही, एकटं राहायचं नाही. डॉक्टरांचं बोलणं सोबतच्या माणसाने लिहून घ्यावं. रुग्ण मान डोलावतो, ‘हो हो’ म्हणतो आणि संध्याकाळपर्यंत त्यातलं काहीच आठवत नाही.

पोट फुगलं असेल तर चाला, डाव्या कुशीवर पडा, कोमट पाणी घ्या. पहिलं खाणं मऊ भात, पेज किंवा ताक-भात, रात्रीपासून नेहमीचं. पॉलिप काढला असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या सूचना पाळा, आणि दोन आठवडे लांबचा प्रवास ठरवण्याआधी त्यांना विचारा, कारण रक्तस्राव उशिरानेही होऊ शकतो. वाढत जाणारी पोटदुखी, टणक पोट, ताप, पुन्हा पुन्हा पडणारं रक्त, चक्कर, धाप यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. अशा गुंतागुंती विरळ आहेत, पण त्या ओळखायला उशीर झाला तर महागात पडतं.

रिपोर्टमध्ये काय पाहायचं

दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या टोकापर्यंत पोहोचली का, त्याचा फोटो आहे का, सफाईचे गुण किती, पुढची तपासणी कधी, हे पाहा. सफाईसाठी बॉस्टन मापन वापरतात, तीन भागांना प्रत्येकी ० ते ३ गुण. प्रत्येक भागाला किमान २ असले तर सफाई पुरेशी. कौटुंबिक इतिहास नसेल आणि काहीच आढळलं नसेल तर पुढची तपासणी साधारण दहा वर्षांनी. काही आढळलं असेल तर पॉलिपची संख्या, आकार आणि प्रकार यांवर ती ठरते.

ब्रिटनमध्ये रुग्णाला किती त्रास झाला याचीही १ ते ५ अशी नोंद ग्लॉस्टर मापनाने होते, आणि ती सहसा नर्स करते. आपल्या रिपोर्टवर ही नोंद क्वचित असते, म्हणून ती तुम्ही स्वतः करा. कोणतं औषध प्यायलात, मळमळ झाली का, भुलीचं औषध किती दिलं, कळ कुठे आणि किती आली, कोणत्या कुशीवर वळल्यावर बरं वाटलं, हे त्याच दिवशी रिपोर्टच्या मागे लिहा. पुढच्या वेळी डॉक्टर वेगळे असतील, रुग्णालयही कदाचित वेगळं असेल. तो कागद त्यांच्या हातात दिला, की कोणती दुर्बीण घ्यायची, भूल किती द्यायची आणि सिग्मॉइडपाशी कुठे जपून जायचं हे त्यांना सुरू करण्याआधीच कळेल.